धंद्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेतला आणि आता तो दगा देतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आणि हल्ली तर सीएच्या ऑफिसातसुद्धा टेबलावर लाल-निळ्या लाईटचा कीबोर्ड दिसतो. कारण साधं आहे, वर्कस्टेशन लॅपटॉपचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात आणि कोणीतरी सांगतं की त्यापेक्षा गेमिंगचा घे, त्याच पैशात तगडं ग्राफिक कार्ड मिळतं. सल्ला चुकीचा नाहीये, स्पीड खरंच मिळतो. पण काही महिन्यांनी रडगाणं सुरू होतं. क्लायंटसमोर स्क्रीन काळी पडली, बॅगेतून काढला तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी झिरो, रेंडर (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्राची फायनल फाईल बनवणं) चालू असताना खटकन बंद, जीएसटी रिटर्न भरायला बसलो तर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकनच दिसत नाही. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर, "फॉरमॅट मारून देतो."

माझं मत असं आहे की यातला बराचसा त्रास हार्डवेअर खराब असल्यामुळे होत नाही. कंपनीने हे मशीन गेम चालू असताना जास्तीत जास्त फ्रेम काढायला सेट केलेलं असतं आणि तुम्हाला ते सकाळी दहा ते रात्री आठ मुकाट्याने चालायला हवंय. म्हणजे सेटिंग खाली आणायची, आणि जो फॉल्ट खरोखर हार्डवेअरचा आहे तो वॉरंटी संपायच्या आत पुराव्यासकट कंपनीच्या गळ्यात मारायचा. ही दोन कामं वेगळी आहेत, ती एकत्र केली की गोंधळ होतो, म्हणून आधी फॉल्ट नेमका कुठला ते शोधू.

आधी विंडोज काय सांगतंय ते बघा

स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" असं सर्च करा. एक ग्राफ उघडेल, एक ते दहाच्या स्केलवर, आणि खाली तारखेनुसार लाल फुल्या. बहुतेकांना हे विंडोजमध्ये आहे हेच माहीत नसतं आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, कारण "मधूनमधून बंद पडतो" या तक्रारीला इथे तारीख आणि वेळ मिळते. ज्या दिवशी फुल्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी कुठला ड्रायव्हर (पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अपडेट आला तेही तिथेच खाली लिहिलेलं असतं.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम. इथे हजारो एंट्री असतात, घाबरू नका, बहुतेक पिवळे त्रिकोण सोडून द्या. आपल्याला तीन-चारच हवेत. "कर्नल पॉवर ४१" म्हणजे मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, एवढंच. लोक हा नंबर गुगल करून मदरबोर्ड गेला असं ठरवतात, पण हा नंबर कारण सांगत नाही. त्या एंट्रीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) शून्य असेल तर विंडोजला एरर लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट तुटला, किंवा तापून मशीनने स्वतःला बंद केलं, किंवा हँग झाल्यावर तुम्हीच पॉवर बटण दाबून धरलं. कोड शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेलीय आणि बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात तिची फाईल पडलेली असते, ती जपून ठेवा.

"डब्ल्यूएचईए लॉगर" दिसला तर तो हार्डवेअरने स्वतः केलेला रिपोर्ट आहे. त्यातही "करेक्टेड" लिहिलेलं अधूनमधून आलं तर लगेच छाती बडवून घेऊ नका, पण निळ्या स्क्रीनवर "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर" परतपरत येत असेल तर सेटिंगशी खेळत बसायचं नाही, थेट सर्व्हिस सेंटर. आणि "डिस्प्ले ४१०१" म्हणजे ग्राफिकचा ड्रायव्हर अडकला आणि पुन्हा उठला. स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते ती बहुतेकदा हीच. मात्र चार्जरची पिन काढल्यावर सेकंदभर स्क्रीन काळी होत असेल तर तो फॉल्ट नसतो, बॅटरीवर गेल्यावर रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) १४४ किंवा १६५ वरून ६० वर येतो म्हणून तसं होतं, मॅन्युफॅक्चररच्या ॲपमध्ये ते बंद करता येतं.

मग ताप मोजा

"एचडब्ल्यूइन्फो ६४" (HWiNFO64) नावाचं सॉफ्टवेअर वैयक्तिक वापराला फुकट आहे, "सेन्सर्स ओन्ली" मोडमध्ये चालवा आणि लॉगिंग सुरू करून दिवसभर नेहमीचं काम करा. रेंडरच्या वेळी प्रोसेसर ९५ डिग्रीपर्यंत उडी मारतो, या मशीनचं डिझाईनच तसं आहे, बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ च्या दरम्यान असते आणि तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो. काळजी कशाची करायची, तर एक्सेल आणि ब्राउझर उघडा आहे आणि तरी ७५-८० दाखवतोय, पंखा बोंबलतोय, याची.

तसं असेल तर आधी मॅन्युफॅक्चररचं ॲप उघडा, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, आर्मरी क्रेट, व्हँटेज, ओमेन गेमिंग हब, प्रेडेटर सेन्स वगैरे. त्यात परफॉर्मन्स किंवा टर्बो मोड लागलेला असतो, तो सायलेंट किंवा बॅलन्स्ड करा. ऑफिसच्या कामात फरक कळणारसुद्धा नाही. तरीही ताप उतरला नाही तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंगला जाऊन प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" १०० चं ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ केल्यावर टर्बो बूस्टच, म्हणजे प्रोसेसरने थोडा वेळ जास्तीचा स्पीड घेणंच, बंद होतो आणि ताप धपकन खाली येतो. काही नव्या मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे ॲपमधल्या सायलेंट मोडवरच भागवावं लागतं. रेंडरच्या दिवशी परत १०० करा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

जागेचाही प्रश्न असतो. नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ डिग्रीमध्ये एसीशिवाय हे मशीन फुल लोडवर चालवायचं म्हणजे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा आहे, बाहेरची हवाच गरम असेल तर पंखा आत ढकलणार काय. मागची बाजू इंचभर उचलून ठेवा, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, गादीवर आणि टेबलक्लॉथवर अजिबात नको. साफसफाई करताना ब्लोअर मारताय तर पंख्याची पाती काडीने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भलत्याच स्पीडला फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायची असेल तर आधी मॉडेलच्या माहितीत बघा आत पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) आहे का, काही गेमिंग मॉडेलमध्ये ते असतं आणि ते करंट वाहून नेतं, म्हणजे एक थेंब मदरबोर्डवर सांडला तरी शॉर्ट. गल्लीतल्या रिपेअरवाल्याला ते माहीत असेलच असं धरून चालू नका, उघडायच्या आधी विचारा.

इथे एक उगाच पसरलेली भीती काढून टाकतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर व्होल्टेजच्या घोळामुळे खराब होत होते, इंटेलने ते मान्य करून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिले आणि वॉरंटीही वाढवली. पण लॅपटॉपच्या प्रोसेसरना तो प्रॉब्लेम नाही असं इंटेलने तेव्हाच सांगितलं होतं. त्यामुळे तुमचा लॅपटॉप क्रॅश होतोय म्हणून "हा तोच फॉल्ट" असं म्हणत सर्व्हिस सेंटरशी भांडायला गेलात तर तिथे तुमची केस पहिल्याच वाक्यात हलकी होते.

दोन ग्राफिक कार्डांची ओढाताण

गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुतेकदा दोन ग्राफिक असतात, एक प्रोसेसरमधलं छोटं आणि एक वेगळं मोठं, आणि काम बघून मशीन या दोघांत अदलाबदल करत राहतं. बहुतांश काळी स्क्रीन, झूम कॉल अडकणं, बॅटरी दोन तासांत संपणं याच अदलाबदलीतून येतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन प्रत्येक सॉफ्टवेअरला कुठलं कार्ड वापरायचं ते ठरवून टाका. ऑटोकॅड, प्रीमिअर, थ्रीडीएस मॅक्स हाय परफॉर्मन्सवर. ब्राउझर, झूम, टॅली, व्हॉट्सॲप पॉवर सेव्हिंगवर.

एक्स्टर्नल मॉनिटर लावत असाल तर हेही बघा की एचडीएमआयचं पोर्ट बऱ्याच मॉडेलमध्ये थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. म्हणजे मॉनिटर लावला की मोठं कार्ड झोपतच नाही, नुसता मेल वाचत बसलात तरी पंखा चालू. काही मॉडेलचं टाईप-सी पोर्ट छोट्या कार्डाला जोडलेलं असतं, तिथून मॉनिटर लावला तर दिवसभर शांतता. तुमच्या मॉडेलमध्ये काय आहे ते एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सराऊंड-फिजएक्सच्या पानावर दिसतं, कुठला मॉनिटर कुठल्या कार्डाला लागलाय त्याचं चित्रच असतं.

ड्रायव्हरचं म्हणाल तर एनव्हीडियाचे दोन प्रकार असतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. नवा गेम आला की गेम रेडी येतो, तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्टुडिओ टाका, तो चालला की महिनोन्‌महिने हात लावू नका. जुना ड्रायव्हर पूर्ण काढायला "डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर" सेफ मोडमध्ये चालवा, मग नवा टाका. आणि सॉलिडवर्क्सवाल्यांनी एक मनात धरून ठेवा, जीफोर्स, म्हणजे एनव्हीडियाचं गेमिंगचं कार्ड, त्यांच्या सर्टिफाईड यादीत नसतं, त्यामुळे असेंब्ली फिरवताना काही विचित्र दिसलं आणि सपोर्टला फोन केला तर पहिला प्रश्न कार्डाचाच येईल. त्यावर सेटिंगचा इलाज नाही.

स्लीप बंद, हायबरनेट चालू

बॅगेत तापलेला लॅपटॉप ही तक्रार बहुतेकदा मॉडर्न स्टँडबायची असते. नव्या लॅपटॉपमध्ये झाकण बंद केलं तरी मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं असतं, मेल बघतं, अपडेट उतरवतं, आणि मोठं कार्ड नीट झोपलं नाही की पुणे-मुंबई प्रवासात बॅगेत भट्टी पेटते. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" इथे जा, वरच्या ओळीवर क्लिक करून लॉक झालेले पर्याय उघडा, हायबरनेटवर (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद होणं) टिक करा आणि झाकण बंद केल्यावर हायबरनेट असं लावा. चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, लागू देत.

त्याच पानावर फास्ट स्टार्टअपची टिक असते, ती काढा. ती चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, फक्त रिस्टार्टने होतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर अप टाईम बघा, रोज रात्री शटडाऊन करणाऱ्या माणसाच्या मशीनवर तिथे आठवड्याहून जास्त वेळ दिसतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डीएससी टोकन, टॅलीचा डोंगल, बारकोड स्कॅनर मधूनच गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्डमध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" डिसेबल करा. नसेल दिसत तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा. टोकन हबमध्ये लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी हा शोध लागू नये एवढीच इच्छा.

करंट, चार्जर, बॅटरी

या मशीनचे चार्जर बहुतेकदा २०० वॅटच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे, विटेएवढे. टाईप-सीचा ६५ वॅटचा चार्जर ऑफिसच्या कामाला पुरतो, पण रेंडर लावला की चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरते आणि मशीन मंद होतं, तो फॉल्ट समजू नका. डुप्लिकेट चार्जर नको, काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू आला नाही की मुद्दामच स्पीड पाडतात.

बॉडीला हात लावला की झिणझिण्या येत असतील, चार्जिंगला लावल्यावर टचपॅड वेड्यासारखा उड्या मारत असेल, तर आधी ऑफिसचं अर्थिंग तपासा. जुन्या बिल्डिंगमध्ये थ्री पिन सॉकेट दिसतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. घरगुती इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चार्जर गुणगुणतो आणि तापतो, प्युअर साइन वेव्हचा घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे यूपीएस खरं तर मॉनिटर, राऊटर आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कसाठी हवा, लाईट गेली की डेटा तिथे खराब होतो.

दिवसभर प्लगला लावून वापरणार असाल तर मॅन्युफॅक्चररच्या ॲपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवा. शंभर टक्के चार्ज आणि कायमची उष्णता, यात बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललेला वाटला, झाकण नीट बसेना झालं, की वापर ताबडतोब बंद. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, भोक पाडायचा तर स्वप्नातही नाही.

रॅम आणि एसएसडी

घेतल्यावर जास्तीची रॅम टाकून घेतली असेल आणि त्यानंतर निळ्या स्क्रीन सुरू झाल्या असतील तर ती काढून दोन दिवस चालवा, संपला विषय. नाहीतर मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही एरर आली तर ती "चालतंय की" म्हणून सोडायची नसते. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात "मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स" शून्य हवं, आणि "अनसेफ शटडाऊन्स" आठवड्याला वाढत असेल तर वरच्या ४१ नंबरशी ताडून बघा.

सर्व्हिसला देण्याआधी

मला विचाराल तर गेमिंग लॅपटॉप आणि बिझनेस लॅपटॉप यातला खरा फरक चिपमध्ये कमी आणि वॉरंटीत जास्त आहे. बिझनेस मॉडेलला दुसऱ्या दिवशी माणूस ऑफिसात येतो, गेमिंगला बहुतेकदा एक वर्ष, आणि पार्ट नसेल तर मशीन आठवडेच्या आठवडे सेंटरवर पडून. वॉरंटी वाढवून मिळते, ऑनसाईटही मिळते, पण साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, म्हणून ते आजच बघा.

मशीन हातातून सोडण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. विंडोज होम असलं तरी डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असू शकतं, मदरबोर्ड बदलला की चालू होताना ४८ आकडे मागतो आणि ते नसतील तर तुमचाच डेटा तुम्हाला बंद. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साईटवर डिव्हाइसेसमध्ये मिळते, पण ते अकाउंट कुणाच्या नावावर आहे हे आधी शोधा, पुष्कळ ऑफिसांत ते सोडून गेलेल्या मुलाच्या पर्सनल मेलवर असतं. बायोस (मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करतानाही हेच, आधी एन्क्रिप्शन सस्पेंड करा आणि चार्जर लावून ठेवा. बॅकअप दोन जागी घ्या, त्यातला एक ऑफिसबाहेर.

तक्रार तोंडी नको, मेलवर. रिलायबिलिटी हिस्टरीचे स्क्रीनशॉट, मिनीडंप, टेंपरेचरचा लॉग, मोबाईलवर काढलेला व्हिडिओ, सगळं जोडा. "हँग होतो" लिहिलं तर "टेस्ट केला, ओके आहे" असं उत्तर येतं. "अमुक तारखेला अमुक वाजता, चार्जरवर, अमुक एरर, आत्तापर्यंत एवढ्यांदा" लिहिलं तर समोरच्याला काहीतरी करावंच लागतं. प्रत्येक वेळचा जॉबशीट नंबर सांभाळा.

तरीही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. इथे एक मेख आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहक धरले जात नाही, पण स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतली असेल तर धरले जाता. म्हणजे एकट्याने काम करणारा फ्रीलान्स एडिटर जिल्हा आयोगात जाऊ शकतो, प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर दहा लॅपटॉप घेतलेल्याची वाट अवघड आहे, त्याने करार आणि वॉरंटीच्या अटी धरून वकिलाशी बोलावं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला आयोगाची फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे "बघू पुढच्या महिन्यात" करत राहू नका.

दरम्यान काम थांबू नये म्हणून एखादा जुना रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप कपाटात ठेवा, टॅली, ब्राउझर, टोकनचा ड्रायव्हर सगळं टाकून, महिन्यातून एकदा चालू करून अपडेट करून. तो रेंडर करणार नाही पण रिटर्न भरेल आणि कोटेशन पाठवेल.

आणि मदरबोर्ड बदलूनही तोच फॉल्ट परत आला तर भावनेत अडकू नका, पुढच्या वेळी दुरुस्त होऊन आल्या आल्या, वॉरंटी शिल्लक असताना विकून टाका. विकताना फॉल्टची हिस्टरी घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, जॉबशीट दाखवा. गेमिंग लॅपटॉपला वॉरंटी बाकी असेपर्यंत गिऱ्हाईक मिळतं, ती संपली की भाव निम्म्यावर मागतात. बॉक्स, बिल आणि ओरिजिनल चार्जर माळ्यावर आहेत का ते आत्ताच बघून ठेवा.